अबाउट आणि अ‍ॅट

साडेसातची बॅच. अशोक चौक,
सायकल दुकानाच्या वरची माडी.
पत्रा अजून निवलेला नाही,
पंखा फिरतो, म्हणजे गरम हवा जागा बदलते.
फळ्यावर मी लिहिते: वरी अबाउट.

हे सगळ्यांना येतं.
नागमणीला फीची,
बोद्दुलच्या श्रीहरीला पुण्यातल्या इंटरव्ह्यूची,
आणि सगळ्यांना मिळून नळाची,
जो चार दिवसांआड येतो, तोही रात्री.
अबाउट म्हणजे भोवती, मी सांगते.
काळजी मधे बसलेली असते
आणि आपण तिच्या कडेकडेनं फिरतो,
हात न लावता.

मग अबाउट पुसते. लिहिते: अ‍ॅट.
"एवढ्यानं काय फरक पडलालाय बे,"
म्हणतो श्रीहरी, आणि जीभ चावतो.
मॅडमला बे म्हणाला!
वर्ग हसतो. मीही हसते.
माझ्या घरी तरी दुसरं काय बोलतात.

आता दात लागले, मी सांगते.
कुत्रं हाड धरतं, तसं.
गिळायचं नाही, सोडायचंही नाही.
हलवायचं, फिरवायचं, खाली ठेवून
पुन्हा धरायचं.

मराठीत काय लिहू, मॅडम?
कुरतडणं? नको, त्यात उंदराचं पोट भरतं.
उकरणं? त्यात काही सापडायची आशा असते.
चाळा म्हटलं तर थोडी मजा आली.
घोर जिवाला लागतो,
हे बोटांना लागतं.
टोकरणं जवळ येतं, पण पेन्सिलीत लिहा.

मागच्या बाकावरून अंबादास उठतो,
टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला असतो,
दिवसभर उभा, तरी उत्तराला उभा राहतो.
"मॅडम, वाक्य.
माझी जीभ वरी अ‍ॅट करते तुटक्या दाताला."
इंग्रजीत सांगितलं त्यानं, दोन चुका केल्या.
मी एकही सुधारली नाही,
कारण तेवढ्यात अठरा तोंडं मिटली होती
आणि आतल्या आत प्रत्येकाची जीभ
आपापल्या फटीकडे निघाली होती.

घरी येते. विडी घरकुल, तिसरी गल्ली.
आईच्या मांडीवर सूप, सुपात पानं,
हजाराला सत्तर कमी.
नाना उंबऱ्यात, पायांवर चादर.
मे महिन्यात चादर!
माग चारही गेले, भंगारात, किलोवर,
ही तेवढी राहिली, शेवटच्या दिवशी उतरवलेली.
तिच्या काठाशी त्यांचं नख,
एक दोरा उचलतं, ताणतं, ठेवतं.
तीन वर्षं.
रात्री ते झोपले की आई
सुटलेले दोरे विडीच्या दोऱ्यानं बांधते,
लाल दोऱ्यानं, तिच्याकडे दुसरा नसतो.
नाना त्या लाल गाठींबद्दल विचारत नाहीत.

"आज काय शिकवलंस?" ते तेलुगूत विचारतात.
एक शब्द, मी म्हणते. मराठी सापडली नाही.
"मला पण नाही सापडला," म्हणतात.
काय?
"आडवा दोरा. एक.
त्या दिवशी धोटा चुकला होता,
कानाला कळलं होतं,
पण व्यापारी दारात, टेम्पो सुरू,
बघायचं राहिलं."
बोट सरकतं मोराच्या पिसाऱ्यावरून.
"इथं नाही. इथं पण नाही."

मी वाकून बघते.
मला सगळे दोरे सारखेच दिसतात.
माझ्या मांडीवर ते अर्धी चादर सारतात,
"तू त्या टोकाकडून ये."

नळ रात्री अडीचला येणार होता.
जागायचं तर होतंच.